हजेरीचा भात

हजेरी सुरू झाली की ती कुंपणातून यायची,
म्हनून पोट्ट्यांनी तिचं नावच हजेरी ठेवलं.
गुरुजी हसून म्हनत, एकशे बारा, आनि एक शेपटी.

मी खिचडी शिजवते या शाळेत. चौदा वर्षं झाली.
पंचफुला कांदा चिरते, मी लसूण ठेचते,
तेल तापलं की वास पार चुलबंदीच्या घाटापर्यंत जाते,
धुनं धुनाऱ्या बाया म्हनते, झाली वाटते सुट्टी.
गंजाच्या बुडाची खरड मी हजेरीले टाकायची.
मांजर आहे, काय होते?
आपन खातो तेच तर टाकतो, कोनाचं उष्टं थोडीच.

दिवाळीनंतर ती वट्ट्यावर चढेना.
उडी मारायची, अर्ध्यातून खाली.
हिरड्या पाह्यल्या तर धुतल्या फडक्यासारख्या,
अंगणात मुतली ते काळ्या चहासारखं.
पोत्यात घालून नेलं गुरांच्या दवाखान्यात.
गहाणे डॉक्टरच्या रजिस्टरात गाय, म्हैस, बकरी, कोंबडी,
मांजराचा रकानाच नाही.
त्यांनी "इतर" मध्ये लिहिलं
आनि नागपूरच्या कोन्या दोस्ताले फोन लावला.

"कांदा खाते काय हे?"
खिचडीतला खाते.
"लसूण?"
खिचडीतलाच.
"शिजवला म्हनून त्याचा गुन जात नाही, काकू.
वाळवला, भुकटी केली, तरी नाही.
मांजराचं रक्त फुटते त्यानं, थोडं थोडं, रोज."

मी वट्ट्यावरच बसली.
रोज. थोडं थोडं. माह्याच हातानं.

मग मी एकेक इचारत गेली, जसं बाळंतिणीचं पथ्य इचारते.
दूध? पुष्कळ मांजरांले पचत नाही, ढाळ लागते.
मनुका? एकही नाही.
पोट्ट्यांचं चाकलेट? हात नको लावू देऊ.
चहा? अहो काकू!
मासोळी? उकडलेली, काटा काढून, मीठ-तिखट नाही.
साधा भात? घासभर चालते, पन त्यानं पोट भरलं असं समजू नका.
अंडं? उकडलेलं. हे बेस.

तेव्हा मले बुधवार आठवला.

बुधवारी अंडं येते.
हिमांशू चेटुले माळकऱ्याचा पोरगा,
त्याच्या बदलीचं केळं सहा महिन्यांपासून आलंच नाही.
तो अंडं घेते, खिशात टाकते, पान्याच्या टाकीमागं जाते.
मी पाह्यलं होतं. बोलली नव्हती.
रजिस्टरात त्याच्या नावापुढं बरोबरची खून,
खाल्लं म्हनून, माह्याच अक्षरात.
साऱ्या हप्त्यात हजेरीले जे एक धड मिळालं
ते त्या खोट्या खुनेतून.

वाचली ती. वीस-बावीस दिवस लागले.
डॉक्टरनं पैसे घेतले नाही,
म्हनाले, इतर मध्ये फी नसते.

आता फोडणी पडायच्या आंधी
मी एक पळी भात बाजूला काढते.
पोट्टे इचारते, काकू, तिले काऊन फिक्का?
मी म्हनते, तिच्या रक्ताले कांदा सोसत नाही.
"मंग तिले चव कशी लागते?"
चवथीतली खुशाली. साऱ्यांपेक्षा लहान, साऱ्यांत पुढं.
मले उत्तर आलं नाही.

सारे गेल्यावर मी वाटीतला भात तोंडात टाकला.
हजेरी बाजूलेच, पंजा चाटत.
ना कांदा, ना लसूण, ना हळद, ना मीठ.
भात लागला नाही.
पोतं लागलं. ओलं पोतं, गोदामातली धूळ,
मांगून जिभेवर काहीतरी कडू, बारीक.

चौदा वर्षं.
एकशे बारा ताटं रोज.
आनि मी कांदा जास्तच घालायची,
लेकरं वास घेऊन धावत येते म्हनून.

हजेरीनं वाटीत नाक घातलं,
माह्याकडं पाह्यलं,
आनि बुधवारची वाट पाहत
टाकीमागं जाऊन बसली.