वळसा

उशांगीची गाय अडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते
आणि तुशेतीच्या डोंगरात दोन वाजता
माणसाला हाक मारायची
तर आधी कुत्री उठतात.

कुत्री उठली. मग आम्ही.
त्सियाला डॉक्टरीण आमच्याकडे उतरली होती,
जुलैभर गुरांना टोचत फिरणारी,
उंच, जराशी पोक काढून चालणारी,
थर्मासमधला चहा कुणाला न देणारी.
"एकच पाय दिसतोय," उशांगीचा पोरगा म्हणाला.
तिने बूट चढवले. बॅटरी मी घेतली.
मी तेरा वर्षांची होते.

गोठा वरच्या अंगाला. सरळ गेलं तर पंधरा मिनिटं.
पण सरळ वाटेवर देवाचं ठाणं आहे:
रचलेले दगड, वर मेंढ्याची शिंगं,
कोनाड्यात विझलेल्या मेणबत्त्या.
तिथून बाई जात नाही.
का, ते कुणी सांगत नाही,
पाण्याला तरी कुठे कुणी सांगतं खाली वाहा म्हणून.
बायकांची वाट ओढ्याकडेने, पाऊण तासाची,
आमच्या आया, त्यांच्या आया, सगळ्यांच्या टाचांनी
इतकी खोल गेलेली
की पावसात तिचाच ओढा होतो.

उशांगीने औषधांची पेटी घोडीवर बांधली
आणि घोडीला हाकललं वरून.
मी विचारलं, "घोडी बाई नाही का?"
"तोंड आवर," तो म्हणाला.
त्सियाला काही बोलली नाही.
घड्याळात बघितलं फक्त.

वाटेत ती पुटपुटत होती.
मला वाटलं, घाबरली; प्रार्थना म्हणतेय.
वर, अंधारात, पेटीचा खडखडाट
बराच वेळ आमच्या सोबत होता,
मग पुढे निघून गेला.

पेटी वेळेवर पोचली.
हात पोचायचे होते.

गाय वाचली.
कालवड खांद्यापर्यंत हात घालून काढली,
नाकातला चिकटा बोटांनी ओढला, फुंकलं,
गवताने चोळलं, पुन्हा फुंकलं.
एक कान हलल्यासारखा वाटला.
तो माझ्या बॅटरीचा उजेड हलला होता.

उजाडताना पुरुष बसले. शिंगातून बिअर फिरली,
देवाची, बाईने गाळायची नाही अशी.
(सातू आम्हीच निवडतो.)
उशांगी उभा राहिला. वाईट माणूस नाही, डोळे ओले होते.
"आमच्या बायकांच्या नावाने," म्हणाला,
"ज्या नसत्या तर या डोंगरात चूल पेटली नसती!"
सगळे उठून उभे राहून प्याले.
त्सियाला गोठ्यामागे कोपरापर्यंत हात धूत होती.
पाणी गार होतं. साबण मी धरला होता.

मग वहीचं पान फाडून तिने बिल लिहिलं.
तपासणी. दोन इंजेक्शनं. हातमोजे.
आणि खाली, तशाच सरळ अक्षरात:
वळसा, चार हजार एकशे बारा पावलं.

"हे काय?"
"जे लागलं ते."

त्याने बाकीचे पैसे मोजून दिले
आणि वळशापोटी चीजचा एक गोळा पुढे केला, भेट म्हणून.
तिने तो घेतला नाही.
कागद गोठ्याच्या खिळ्याला टोचला आणि उतरली,
खालच्याच वाटेने. या खेपेला गप्प.

पुढच्या जुलैत उशांगीने गाभण गायी
खाली, ओढ्याकाठी आणून बांधल्या.
कुणी विचारलंच तर सांगतो,
वर यंदा गवत कमी आहे.