सात जिभा

मक्याच्या पिठाच्या डब्यामागे सापडली.
सहा बाजू, तीस बटणं,
त्यातलं एक मूळचं नाही:
शर्टाचं, चार भोकांचं, मेणात बसवलेलं.

आत्या थेम्बेकिले म्हणाली, तुझ्या आज्याची,
आणि चुलीकडे वळली.
आमच्याकडे आज्याचा विषय
नेहमी चुलीपर्यंतच जातो.

पट्ट्यांत हात घालून मी दोन्ही बाजू ओढल्या.
भात्याला धाप लागली.
घडीघडीतून धूळ, झुरळाचा एक पंख,
आणि खाणीवरच्या लाल साबणाचा वास,
किंवा मला तसं वाटलं,
मी तो साबण कधी पाहिलेला नाही.

म्सिंगाहून पीटरमॅरित्सबर्गला टॅक्सीत
टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली.
शेजारची बाई म्हणाली, किती शांत आहे हो मूल.

ऑलरिज नावाच्या म्हाताऱ्याने
सहा स्क्रू काढले, कागदावर
ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवले.
भिंग लावून आतला आकडा वाचला,
शिशपेन्सिलीचा, तीन ठिकाणी तोच.
लंडनची, म्हणाला. पहिल्या महायुद्धाच्या आधीची.
भाता मात्र नंतरचा, आणि हे कातडं बुटाचं.
जाळीत ही लंबगोल जागा दिसते?
इथे बनवणाऱ्याचं नाव असतं.
कुणीतरी चाकूने खरवडलंय.

मग तो गप्प झाला.
भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.
हिच्याशी कुणीतरी खेळलंय, बाई.
सात जिभा भलत्याच खणांत आहेत.
आणि शर्टाच्या बटणाखालचे दोन्ही खण रिकामे.
सगळं तक्त्याप्रमाणे लावून देतो. गुरुवारी या.

हो म्हणणारच होते.
पण जिभांची ती गोल पाटी त्याने उजेडात कलती केली
आणि सातही खणांशेजारी लाकडात
खिळ्याने कोरलेली एकेक फुली दिसली.
चुकणारा माणूस
खूण करून चुकत नाही.

राहू द्या, मी म्हटलं. फक्त भोकं बुजवा.

घरी आल्यावर पुस्तक आणलं. आकृत्या, बाण, बोटांचे क्रमांक.
एकच बटण दाबताना एक बोलतं,
ओढताना दुसरंच.
पुस्तकातलं गाणं माझ्या हातात आलं की
पाचव्या सुरावर खड्ड्यात पडायचं.
दोन महिने मी पडत होते.
कोंबड्यांनी अंगण सोडलं.

शेवटी तुगेला फेरीच्या म्फानाफुथींकडे गेले.
त्यांना एका हाताची दोन बोटं नाहीत.
पेटी हातात घेतली नाही, नुसती ऐकली.
बसून काय वाजवतेस? उठ.
खाणीतून घरी येताना, शेवटची बस चुकल्यावर,
एकोणीस मैल माणूस बसून येतो का?

त्यांनी बोटं सुधारली नाहीत. पाय सुधारले.
डावा पडला की ओढ.
अजून. आता दाब. बघू नकोस खाली,
खाली बकऱ्या बघतात.

नदीकडेच्या कुंपणाने गेले, परत आले,
टाचांना फोड आले,
आणि तिसऱ्या शनिवारी कधीतरी
सातांपैकी पहिली जीभ
बरोबर डाव्या पावलावर पडली,
मग दुसरी.
सूर उंचावरून निघून पायरी पायरी खाली येत होता,
टेकडी उतरणाऱ्या माणसासारखा,
ज्याला घराचा धूर दिसलाय
आणि जो तरीही घाई करत नाही.
सातही आल्या.

एवढंच येतं मला. पुढचं येत नाही.
शर्टाच्या बटणापाशी पोचले की नुसती हवा जाते.
तिथे काय होतं, त्याने ते का काढलं,
कुणाला दिलं,
म्फानाफुथींनाही ठाऊक नाही.

काल अंगणात फेऱ्या मारत होते.
आत आत्या थेम्बेकिले पीठ ढवळत होती.
मी त्या बटणावर आले, हवा गेली,
आणि आतून तिचा आवाज आला, हं,
एकच, बराच लांब.

बहुतेक पिठात गुठळी झाली असावी.
मी कुंपणापाशी वळले,
पुन्हा सुरुवातीपासून चालू लागले.