तोंडघशी

एकसष्ट मतांनी पडले.
रॅनफर्लीत एकसष्ट म्हणजे
रग्बीचे दोन संघ, त्यांच्या आया, आणि एक पंच.
गॅरेजात चाळीस फलक उरले,
पन्हळी प्लॅस्टिकचे, हलके, पावसाला न जुमानणारे,
प्रत्येकावर मी, दात दाखवत,
आणि खाली: मोराग रीड. डनीडनच्या दवाखान्याला बस हवी.

ड्यूगलने एक फलक वाकवून पाहिला, नखाने टोकरला,
मग उताणा झोपून
आमच्या जुन्या सुबारूच्या पोटाखाली सरकला.
आतून आवाज आला, "माल चांगला आहे."
बेचाळीस वर्षांच्या संसारात
माझ्याबद्दल इतकं थेट तो पहिल्यांदाच बोलला.

त्याचं म्हणणं, गाडीचं तोंड सगळेच पुसतात,
खालून ती म्हणजे खरकट्या भांड्यांची मोरी:
नळ्या, कोपरे, बोल्ट, खड्डे.
वारा शिरतो आणि प्रत्येकाला ठेचकाळत जातो.
खालून गुळगुळीत केली तर मुकाट्याने निघून जाईल,
आणि रेडिएटरला बगल देऊन पळणारा चुकार वारा
बकोटीला धरून जाळीतूनच न्यायचा.

"चेहरा वर की खाली?"
हातात सुरी होती, म्हणून प्रश्न जरा गंभीर वाटला.
खाली, म्हणाले मी. तोंडघशी पडलेच आहे,
पडलेलीला निदान रस्ता तरी दिसू दे.

एक्झॉस्टपाशी प्लॅस्टिक वितळतं,
तिथे माझा केक भाजायचा ट्रे गेला.
कुंपणाची तार गेली, वॉशर गेले,
दोन रविवार गेले.
रेडिएटरच्या पुढून एक, मागून एक अशा नळ्या
त्याने डॅशबोर्डवर आणल्या, निळं पाणी भरून:
दोन पातळ्यांत जेवढं अंतर
तेवढा जोर वाऱ्याचा, जाळीतून जाताना.
मी शेजारी बसून मिलिमीटर वाचायचे.
अकरा. नऊ. सात.
मतमोजणीच्या रात्रीसारखं.

सातवर असताना, पिगरूटच्या चढावर,
काटा लाल रेघेला टेकला.
जानेवारीचं ऊन, पिवळं गवत, बॉनेटखालून वाफ.
मागच्या सीटवर तामाती, डायलिसिसहून परत येणारा,
दंडावर ताजी पट्टी.
"सगळीच दारं लावून घेतलीस, भावा.
तीस वर्षं मेंढ्या कातरल्या मी.
शेडला मागचं दार नसेल
तर पुढच्या दारात कितीही हाका, मेंढरू आत येत नाही."

ड्यूगल काही बोलला नाही.
रात्री टॉर्च दातांत धरून
इंजिनामागे एक आडवी फट कापली, तळहाताएवढी रुंद,
पुढच्या कडेला एक पट्टी वाकवली, खाली, ओठासारखी.
सकाळी मी वाकून पाहिलं
तर फट बरोबर माझ्या तोंडातून गेली होती.

सहा आठवडे दारोदार
मी तोंडाची वाफ दवडली.
आता निघते ती इंजिनाची, खरीखुरी,
कुणाला पटवायचं नाही तिला,
नुसतं बाहेर पडायचं.

निळं पाणी एकोणीसवर. काटा निम्म्याच्या खाली.
पेट्रोलचं म्हणाल तर ड्यूगलच्या वहीत
शंभर किलोमीटरला अर्धा लिटर वाचल्याची नोंद आहे,
आणि तिच्यापुढे, प्रामाणिक माणूस:
"वारा पाठीमागूनही असेल."

बस आली नाही.
मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही जातो.
गेल्या गुरुवारी चढ संपता संपता
तामाती खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"मी तुला मत दिलं नव्हतं, माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं.
मी काट्याकडे पाहिलं. तो हलला नाही.
खाली खडी उडत होती,
माझ्या दातांवर टकटक करत.