सुनावणीच्या आदल्या रात्री

पाळकसाहेब म्हणाले, काय बोलावं याची चिंता नको,
त्या घटकेला शब्द मिळतील.
मिळतीलही. पण पान नंबर?

नरसम्मा येमूल. सत्तावीस वर्षं विड्या वळल्या,
फंड शून्य.
कारखान्याच्या वहीत ती मार्चात मयत,
आणि एप्रिलात
तंबाखू वाया घालवली म्हणून तिलाच दंड.

ही ओळ मला पावणेदोनला सापडली,
चौथ्या वाचनात.
अशोक चौकातले माग गप्प, वीज गेलेली,
मोबाइलच्या उजेडात बोटांना कार्बनची निळाई.

गुडघे टेकले नाहीत आज, प्रभू,
मांडीवर फाईल होती.
खुणेला काही मिळेना,
म्हणून झावळ्यांच्या रविवारची वाळकी काडी
त्या पानात घातली.

सकाळी कोर्टाच्या पायरीवर नरसम्मा विचारेल,
“जिंकतो काय, ताई, आपण?”
मी सांगेन,
पान एकशे बारा.