खंडाचा दिवस

अकरा महिन्यांनी एकदा, एक दिवस
मी या कॉलेजची कुणीच नसते.
करारात तशी फट ठेवलेली असते,
दार किलकिलं राहील एवढी,
म्हणजे आतल्याला कायम वाटू नये.

यंदा तो दिवस मंगळवारी आला
आणि नेमके त्याच दिवशी आले
कर्मचारी अभिप्रायाचे अर्ज,
एक्केचाळीस प्रती, झेरॉक्सवाल्या केणीकडून, अजून गरम.
भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून आले.
गेटवर इम्तियाजने खाली मान घालून
पाहुण्यांची वही पुढे केली.
नाव: उल्का मढवी.
कुठून: घणसोली गाव.
कुणाला भेटायचंय?
इथे जरा थांबले.
मग लिहिलं, फ्रिजदुरुस्तीच्या कार्यशाळेला.

अर्ज वाटायचे, गोळा करायचे, आकडे चढवायचे.
सगळं गोपनीय, म्हणाले.
सतरा वर्षं यांच्या मस्टरवर रेघा मारतेय,
मला अक्षर ओळखू येणार नाही?

'कामाचं ठिकाण आपलं वाटतं का? एक ते पाच.'
गवते सरांनी पाचला गोल केलाय.
त्यांचाच तो, सुरू होतो तिथे कधी मिटत नाही.
रबाळ्याच्या भंगारातून कॉम्प्रेसर आणून
त्यांनीच हा कोर्स उभा केला,
टेम्पोचं भाडंसुद्धा खिशातून.
पुढचा प्रश्न, अभ्यासक्रम काळाला धरून आहे का,
तिथे त्यांनीच एक दिलाय
आणि समासात बारीक लिहिलंय:
आपण जो गॅस भरायला शिकवतो
तो बाजारातून उठून चार वर्षं झाली.

बुधाजी शिपाई विचारत आला,
बाई, पाच चांगला की एक?
पाच.
मग खालच्या मजल्यावरच्या संडासाला शून्य चालेल का?
मी म्हटलं, छापलेलं नाही.
म्हणाला, मग छापलंय काय?

सोनटक्क्यांनी कोराच परत दिला,
वर फक्त चहाच्या कपाचा गोल.
तो मी 'बहुतांशी समाधानी'मध्ये धरला.

रुग्णसेवेच्या फिलोमिना मॅडम
वरपासून खालपर्यंत तीन, तीन, तीन.
मला कळतात ते तीन.
ऐरोलीचं घरभाडं आहे त्यांत, दोन मुली आहेत,
आणि 'मी काही बोलले नाही' हेही आहे.
त्यांच्या वर्गातल्या पुतळ्याचा
डावा हात खांद्यातून निखळलाय.
नव्याचा प्रस्ताव तीनदा गेला, तीनदा परत आला.
दिघ्याच्या, चिंचपाड्याच्या मुली त्याला आप्पा म्हणतात,
ताप बघताना विचारतात,
आप्पा, आज बरं वाटतंय ना?
मागच्या साली त्यांच्यातलीच एक
वाशीच्या इस्पितळात
माझ्या सासूची कूस बदलत होती.
मला तिने ओळखलं नाही, रात्रपाळी होती.
उजवा हात सहज उचलला.
डावा मात्र
खालून तळवा लावून, खांद्याला आधार देत,
जणू निघूनच येईल.

हे कुठे लिहायचं?
'अन्य सूचना' म्हणून दीड ओळ सोडलीय.

चार वाजता हिशेब जुळेना.
प्रती एक्केचाळीस, उत्तरं चाळीस.
टेबलाखाली बघितलं, केणीला फोन केला,
मग आठवलं,
काल छापायला देताना
मीच मोजलं होतं मला.

तो अर्ज घडी करून
आप्पाच्या खाटेच्या आखूड पायाखाली सरकवला.
खाट हलायची थांबली.
मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत.
तीन.

निघताना वहीत
बाहेर जाण्याची वेळ लिहायची असते.
तो रकाना मी मोकळा सोडला.
इम्तियाजला उद्या बोलणी बसतील त्यावरून.
त्याला चहा पाजीन.