सुपडाबाईचा झिरा

पाळक म्हणाले, धुडकू,
पुनरुत्थानाच्या रविवारी एक बाप्तिस्मा आहे.
कुठे? मी विचारलं.
नदीत.
मी नदीकडे पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं.
पांझरेत तेव्हा वाळू होती, गोटे होते,
आणि साक्रीच्या बाजूला कुणाचे तरी टरबुजाचे वेल.

शिंपडून चालत नाही का? पलीकडच्या मंडळीत
ओंजळभर पाण्यात भागतं.
ते हसले. ती म्हणते, पुरती बुडेन.

शनिवारी फावडं घेतलं. तेच,
मिशनच्या कबरस्तानात बावीस वर्षं चालवलेलं.
दुसरं कुठून आणू?
हात आपोआप मापावर गेले,
लांबी चार हात, रुंदी दीड.
कमरेइतकं खणल्यावर ध्यानात आलं,
मी सुपडाबाईची कबर खणतोय
आणि ती काठावर बसून
माझ्यासाठी बशीत चहा ओततेय.

वाळू ओली झाली. मग काळी.
मग खालून, कडेनं, कुठून कुठून
पाणी जमू लागलं, कपाळावर घाम जमतो तसं.
झिऱ्याचं असंच. पाणी आणावं लागत नाही,
फक्त वरचं काढत राहायचं.

माझा झाला होता तेव्हा नदी गळ्यापर्यंत होती.
डोक्यात मात्र सासऱ्याची बैलजोडी.
त्याला ख्रिस्ती जावई हवा होता.
बाहेर आलो तो ओला. तेवढाच.

सकाळी मंडळी जमली. पाळकांनी विचारलं,
बाई, नवं नाव घेणार? रूथ? हन्ना?
ती म्हणाली, नको.
मग पदर खोचत सगळ्यांसमोर बोलली,
कधी नव्हे ती इतकी:
माझ्याआधी चौघं गेली.
मी जन्मले तशी मायनं मला सुपात घातलं,
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं,
मूठभर ज्वारीला शेजारणीला विकलं.
मरण येईल, वाकून पाहील, म्हणेल,
हा तर केर.
सत्तर वर्षं मी केर होऊन लपले.
आता लपत नाही. हेच नाव घ्या. मोठ्यानं घ्या.
तेले आयकू जाऊ द्या.

कुणी हललं नाही.
माझंही नाव त्याच घरचं.
धुडकं म्हणजे फाटकं फडकं.

पाळक दर दफनाला सांगतात,
त्याच्याबरोबर पुरलो, त्याच्याबरोबर उठू.
मी पुरण्याचं काम करतो.
उठण्याचं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी एक हात तिच्या पाठीला लावला.
सुपडाबाई! अशी हाक दिली
की टरबुजांतला राखणदार उठून उभा राहिला.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं
तिला मागे निजवलं, हळू,
आम्ही दोरावरून पेटी सोडतो तसं.
पाणी मिटलं. वर राहिला फक्त
पातळाचा हिरवा काठ.

आता सवयीचं सांगतो.
पेटी टेकली की पहिली मूठ माझी असते.
हात वाळूत गेला होता. मूठ भरलीही होती.

तेवढ्यात ती वर आली,
खोकत, नाकातून पाणी, केस चेहऱ्यावर,
माझ्याकडे बघून म्हणाली,
गंजच थंडं शे रे, धुडकू!

लोक हसले, टाळ्या झाल्या, कुणीतरी टॉवेल फेकला.
बावीस वर्षांत
खड्ड्यातून कुणी माझं नाव घेतलं नव्हतं.
मूठ तशीच राहिली,
जेवायला बसलो, कळण्याची भाकरी वाढली,
तेव्हा कुठे उघडली.

संध्याकाळी बुजवायला गेलो.
झिरा वरपर्यंत भरला होता, निवळलेला.
दोन शेळ्या पीत होत्या.
त्यांचं होईस्तोवर थांबलो.
मग फावडं वाळूत उभं केलं,
चपला काढल्या,
आणि पाय आत सोडले. घोट्यापर्यंत.
ती खरंच बोलली होती.