अठ्ठ्याऐंशी खाचा

खडकीच्या या चर्चचं छप्पर बर्फासाठी आहे.
म्हणजे बर्फ घसरून पडावा म्हणून इतकं उभं.
उबाळे चाव्या खुळखुळवत म्हणाले,
"दीडशे वर्षं वाट बघतंय. पडतोय कुठला!"

कुणी एक मेजर. त्याला त्याच्या गावातलं देऊळ इथं हवं होतं.
आईनं तिकडून कागदावर काढून धाडलं म्हणे,
भिंतींची लांबी पावलांनी मोजून,
खाली तळ्यात दोन बदकंसुद्धा.
आपल्या पाथरवटांनी बदकं सोडून बाकी सगळं बांधलं.
पण दगड इथला, काळा. त्याला बारीक नाक-डोळे फुटत नाहीत.
पन्हळीच्या तोंडाशी बसवलेली भुतं
दाढ दुखत असल्यासारखी गाल धरून बसलीत.

मी सुतार. आत गेलो की आधी वर बघतो.
सात कैच्या, बर्मा सागवान,
सांध्यात सांधा, खिळा औषधालाही नाही.
"या भागाला नेव्ह म्हणतात," उबाळे म्हणाले,
"नेव्ह म्हणजे नाव. उलटी बघा, दिसेल."
उताणा पडून बघितलं. दिसली.
मुळेच्या गुडघाभर पाण्यात ही चालवायची कुठं,
मी विचारलं. ते हसले नाहीत.

दाराशी बाप्तिस्म्याचं कुंड, त्याला लाकडी झाकण,
झाकणाला कुलपाची कडी:
जुन्या काळी लोक हे पाणी चेटकासाठी चोरायचे.
बिजागरी तेवढी बदलली. कडी राहू दिली.

खरं काम बाकांचं. बाकं बावीस,
प्रत्येकाच्या पाठीला वरच्या कडेला चार खाचा,
अर्धगोल, बोटं फिरून फिरून गुळगुळीत.
मला वाटलं छत्र्यांसाठी.
"बंदुका," उबाळे म्हणाले. "सत्तावनच्या बंडानंतर हुकूम होता,
रविवारीसुद्धा हत्यार जवळ."
मी गुडघे टेकून बघितलं.
'आमच्या ऋण्यांना सोडलं तशी आमची ऋणं सोड' म्हणताना
जोडलेल्या हातांपासून नळी किती लांब असेल,
टेपनं मापलं.
अकरा इंच.

कमिटीचं म्हणणं, बुजवा.
सागाचे तुकडे, सरस, वरून पॉलिश, कळता कामा नये.
दिवसाला वीस-बावीस होत होत्या.

तिसऱ्या दिवशी वेदीजवळच्या उचलायच्या फळ्या काढल्या.
फळीच्या पोटाला एक छोटा टेकू असतो,
उभं राहून दमलेल्यानं बूड टेकावं
आणि लांबून उभाच दिसावा. सोय करणारा माणूस हुशार.
टेकूखाली कोरीव काम. सात फळ्यांवर ओकची पानं.
ओक म्हटलं की आपल्याला आडनाव आठवतं, झाड नाही;
कोरणाऱ्याचंही तसंच असावं,
पानं सरळ सरळ पळसाची होती.

आठव्या फळीखाली माणूस.
वीतभर, उकिडवा, डोक्याला पागोटं,
पुढ्यात बाकाची पाठ, हातात पटाशी.
खाच पाडतोय.
आणि बघतोय भलतीकडे, मान वळवून.
पटाशी चालत असताना सुतार नजर काढत नाही,
बोट जातं.
मी फळी लावून बघितली, तो दाराकडे बघत होता.
दारात कोण होतं ते कोरलेलं नाही.

बुधवारी रणभिसेबाई पितळ घासायला आल्या,
शुलमीत रणभिसे, वय ऐंशीच्या पुढं.
चौथ्या बाकाशी थांबल्या, न बघताच काठी खाचेत ठेवली,
घरच्या खुंटीला पिशवी अडकवावी तशी,
आणि पदर खोचून मेणबत्त्यांच्या ठाणवयांकडे गेल्या.
माझ्या हातात त्याच खाचेच्या मापाचा तुकडा होता.

बिलात सत्त्याऐंशी लिहिल्या.
कमिटीनं मोजल्या नाहीत.

दार ओढून घेताना उबाळेंनी विचारलं,
"ती शेवटची फळी वर का उचलून ठेवलीय?"
पॉलिश ओलं आहे, म्हटलं. वाळू दे.

त्या फळीला मी पॉलिश लावलंच नव्हतं.